सलालाह: डोंगराच्या दोन बाजू

जुलैत ओमानची राजधानी मस्कत चाळिशीच्या पुढे भाजत असतं, तेव्हा दक्षिणेकडचे आम्ही सलालाहवाले पंचवीस-सव्वीस अंशांत मजेत असतो. मोसमी वाऱ्यांनी समुद्राच्या खालचं गार पाणी वर येतं, त्यावरची दमट हवा थंडावून धुकं होतं आणि ते आमच्या धोफार प्रांतातल्या डोंगरांना येऊन अडतं. हा इथला खरीफ, जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत. पाऊस म्हणाल तर आंबोलीकरांनी हसावं इतकाच: अख्ख्या वर्षात १०० मिलिमीटरच्या आसपास! तरी डोंगर हिरवेगार, कारण झाडं धुकं पितात. पानांवर धुकं साचून टपटपतं, त्यामुळे माणूस झाडाखाली जास्त भिजतो.

थुमरैतच्या रस्त्याने माथा ओलांडला की काही किलोमीटरांत हिरवळ गायब, पुढे नुसता खडक. लोबानाची उत्तम झाडं असतात ती या रखरखीत बाजूला. इथल्या वादी दौकातली झाडं २००० सालापासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. साल खरवडायची, चीक वाळू द्यायचा, काही दिवसांनी पुन्हा तिथेच खरवडायचं. पहिल्या खेपेचा माल हलका समजतात. हाफाच्या बाजारात दुकानदारीण खडा उजेडासमोर धरून हिरवट झाक दाखवते. तो होजरी जातीचा लोबान, सगळ्यात महाग. लोक तो रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी ते पाणी पितात. मला अजून टर्पेंटाइनच आठवतं, पण असो.

हाच माल पूर्वी खोर रोरीच्या खाडीवरच्या सुमहुरम बंदरातून जहाजांवर चढायचा. तिथल्या उत्खननात तमिळ-ब्राह्मी अक्षरं कोरलेलं खापर सापडलंय, म्हणजे आपल्याकडच्या लोकांचं येणं-जाणं जुनंच.

डोंगरातली माणसं जिबाली बोलतात, वाळवंटाकडची मेहरी. या अरबीच्या बोली नव्हेत, स्वतंत्र भाषा आहेत. ऑफिसात दोघे जिबालीत सुरू झाले की आमचा मस्कतचा सहकारीसुद्धा माझ्याइतकाच कोरा चेहरा करून बसतो. हे डोंगरी लोक गाई पाळतात. अरबस्तानात एवढे गाईंचे कळप मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

पश्चिमेला सरहद्द ओलांडली की येमेनचा महरा आणि त्यापुढे हद्रमौत. निजामाच्या फौजेत गेलेले अरब मुख्यतः तिथले. त्यांचेच वंशज म्हणजे चाऊस मंडळी; परभणी-नांदेडच्या वाचकांना हे मी वेगळं सांगायला नको.

यायचं असेल तर ऑगस्टमध्ये या, पण हॉटेल आधीच धरून ठेवा. आखाती देशांतून गाड्या भरून कुटुंबं येतात आणि भर भुरभुरीत, छत्रीशिवाय, गवतावर सतरंजी टाकून जेवतात. आणि गाडी जपून चालवा: चिखलात पाय घसरतात म्हणून खरीफात उंट डोंगरावरून खाली आणलेले असतात. ते रस्त्याच्या मधोमध उभे राहतात, आणि हॉर्नला अजिबात भीक घालत नाहीत.