आईपेक्षा धाकटा कातळ

हिलो, हवाई बेट. गुरुवार, रात्री साडेनऊ.

पोटऱ्या भरून आल्यात, तरी लिहून ठेवल्याशिवाय झोपणार नाही. बाहेर पाऊस लागलाय. हिलोत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, म्हणजे आपल्या रत्नागिरीच्या जवळपास, पण इथे बारा महिने थोडा थोडा. खिडकीला तोच ओल्या मातीचा, कुजक्या पानांचा वास आहे.

आज किलाउएआ इकी या ज्वालामुखीच्या विवरात उतरलो. वर नेच्यांचं घनदाट रान, माणसाच्या दुप्पट उंचीचे नेचे, पायवाटेवर चिखल. वळणावळणाने खाली आलो आणि रान एकाएकी संपलं. समोर काळी, सपाट, मैलभर लांब जमीन. गार झालेल्या पिठल्यावर पापुद्रा धरून तो तडकावा, तशी तडकलेली. फटींतून वाफ येत होती. पावसाचं पाणी आत झिरपतं, खालचा खडक अजून तापलेला आहे, तिथून वाफ होऊन परत येतं. मी हात धरला. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलावं तितकी गरम.

१४ नोव्हेंबर १९५९ ला इथली भेग उघडली. पुढे पाचेक आठवडे थांबत थांबत लाव्हाची कारंजी उडाली, सगळ्यात उंच ५८० मीटर. त्याचं तळं साचलं, ते पार आतपर्यंत घट्ट व्हायला तीसहून अधिक वर्षं गेली. त्या नोव्हेंबरात आई चौथीत होती. म्हणजे मी आईपेक्षा धाकट्या कातळावर उभी होते!

हे मला एवढं का लागलं, ते सांगते. माझं सगळं बालपण याच दगडावर गेलंय. घराचा पाया, जातं, पाटा, शाळेच्या सहलीतला रायगड, वेरूळचं कैलास, सगळा काळा बेसॉल्टच. तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तोही असाच पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेवरून बाहेर आला, आणि आपली जमीन पुढे सरकत गेली. हवाईची बेटंही तशीच, तप्त जागेवरून एकेक पुढे सरकलेली. कॉलेजात असताना पुण्याजवळच्या खाणीत सरांनी गुळगुळीत, दोरखंडासारखी वळ्या पडलेली लाव्हा दाखवली होती. तिचं नाव पाहोएहोए. खडबडीत, धारदार ती आआ. परीक्षेपुरते पाठ केलेले ते शब्द आज गाडीचा चालक सहज बोलून गेला. त्याच्या आजीच्या भाषेतलेच ते. सह्याद्रीचं वर्णन आपण इतकी वर्षं हवाईच्या शब्दांत करतोय, हे कधी मनातही आलं नव्हतं.

ज्वालामुखीला तो तूतू पेले म्हणत होता. पेले ही इथली ज्वालामुखीची देवी, आणि तूतू म्हणजे आजी. २०१८ मध्ये याच बेटाच्या पुना भागात लाव्हाखाली सातशेच्या आसपास घरं गेली, त्यांत त्याच्या मावशीचंही. ‘आजी आली, तिची जागा तिने घेतली,’ असं तो म्हणाला. पुढे बराच वेळ गप्प होता. मला आपल्याकडचं ‘देवी आल्या’ आठवलं. घर उद्ध्वस्त करणाऱ्या रोगालाही आपली माणसं आदराने बहुवचन लावत. भीती तर असतेच, पण नातं तोडायचं नाही.

कातळाच्या फटीत ओहिआचं रोप होतं, वीतभर उंच, त्याला लाल झुबक्यासारखं लेहुआचं एकच फूल. आपल्या जांभळाच्या कुळातलं हे झाड, नव्या लाव्हावर अगदी सुरुवातीला उगवणाऱ्यांपैकी. फूल तोडलं तर पाऊस पडतो म्हणतात, कारण ओहिआ हे झाड आणि लेहुआ हे त्याचं फूल मुळात एक जोडपं, फूल तोडलं की त्यांची ताटातूट होते. मी नुसतं बघितलं.

संध्याकाळी बाजारात गेलो, आणि तिथे ढिगाने अळकुड्या! इथे कालो म्हणतात. पानांच्या जुड्याही होत्या, आपल्या अळूच्याच. शेजारी नीरफणस आणि हळदही. हजारेक वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या बेटांवरून ताऱ्यांच्या, लाटांच्या खुणांवर होड्या हाकत माणसं इथे आली, तेव्हा ही रोपं त्यांनी जिवापाड जपून आणली. विकणाऱ्या आजींनी कालोची गोष्ट सांगितली. आकाशपित्याचं पहिलं मूल मृत जन्मलं, ते पुरलं तिथे कालो उगवला. दुसरं मूल जगलं, तो माणूस, हालोआ. म्हणून कालो थोरला भाऊ. त्याने धाकट्याला पोसायचं, धाकट्याने त्याची शेतं राखायची. कंद उकडून, कुटून पोई करतात, आणि पोईचं भांडं उघडं असेल तेव्हा घरात भांडायचं नाही.

आमच्या घरी अळू मोरीच्या पाण्यावर वाढायचा. त्याला कुणी मुद्दाम पाणी घातलेलं मला आठवत नाही. इथे त्याला वाहत्या ओढ्याचं गार पाणी लागतं, त्यासाठी दगडी बांध घालून पिढ्यान्‌पिढ्या शेतं राखली. बाहेरच्यांचे मळे आले तेव्हा ओढ्यांचं पाणी उसाकडे वळलं, आणि १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानीचं राज्य उलथवलं गेलं. तीनच वर्षांनी शाळांतून हवाईची भाषाही हद्दपार झाली. आजींच्या आईला वर्गात ती बोलल्याबद्दल मार बसला होता. आता त्यांची नात त्याच भाषेच्या शाळेत शिकते. हे सांगताना त्यांनी माझा हात धरला होता.

उद्या वाइपिओ दरीच्या कड्यावर जायचंय. खाली उतरायचा रस्ता पाहुण्यांना बंद आहे, कालोची शेतं वरूनच बघायची.

मघाशी आईला फोन केला. तिला कातळाचं ऐकून गंमत वाटली, पण तिचा पहिला प्रश्न अळूचाच.

‘खाजरा आहे का गं?’

‘आजी म्हणाल्या, नीट शिजवला नाही तर घसा धरतो.’

‘मग आपलाच तो,’ आई म्हणाली. ‘चिंच घालायला सांग त्यांना.’