उद्या निघायचं किती वाजता

२२ जून २०२५, रविवार. माऊलींचा रथ दिवे घाटाला लागला होता, चढासाठी जादा बैलजोड्या जुंपल्या होत्या, आणि अमेरिकेनं इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ला केल्याची बातमी सकाळपासून फोनाफोनांवर फिरत होती. एक अभंग संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या तेवढ्या वेळात विचारणा चाललेली : डिझेल आता कुठवर जाणार? वारीत जगाचा विसर पडतो असं लिहायची रीत आहे. ज्यांनी दिंडीच्या भिशीची, म्हणजे माणशी गोळा केलेल्या वर्गणीची, वही उघडून पाहिलीय, ते असं लिहायला धजणार नाहीत.

दोनशे माणसांची दिंडी धरा. एका वेळच्या जेवणाला माणशी शंभर ग्रॅम म्हणजे २० किलो तांदूळ, आठ ते दहा किलो तूरडाळ, ३० किलोच्या आसपास कणीक. तेल दिवसाला सात-आठ किलो, म्हणजे १५ किलोचा डबा दोन दिवस पुरतो. वाटेतल्या गावांनी पंगती घातल्या तर वाचतं, पण आळंदी ते पंढरपूर नऊ-दहा डबे धरूनच निघायचं. डब्यामागे ३०० रुपये वाढले की ३,००० रुपये तिथंच गेले. आणि भिशी गोळा झालेली असते उन्हाळ्यात. वाटेत ती वाढवता येत नाही. २०२२ मध्ये दोन वर्षांच्या खंडानंतर पायी वारी निघाली तेव्हा नेमकं हेच झालं. फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध पेटलं आणि सूर्यफूल तेल अडकलं. एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली. आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, त्यामुळे हा धक्का थेट कढईत बसला. अशा वेळी आधी तळण बंद करायचं. पुरीऐवजी भाकरी, भाजीऐवजी पिठलं, आमटीला तेवढं एक पळीभर पाणी जास्त. पहाटेच्या चहाला मात्र हात लावायचा नाही. चहा अर्धा कप झाला की दुसऱ्या दिवसापासून दिंडीत जागेवरून भांडणं सुरू होतात. याला कारण काय ते सांगता येणार नाही, पण होतात.

गॅसचंही तेच. १९ किलोचे सिलिंडर ट्रकमधूनच न्यावे लागतात. पावसात सरपण ओलं, चुलीवर भागत नाही. देशात लागणाऱ्या गॅसचा मोठा हिस्सा आखातातून येतो, म्हणून घाट चढताना इराणचं नाव निघालं तर ते उगाच नव्हतं.

चालताना गप्पा होतात त्या बहुतेक रानाच्या. २०२५ चा पाऊस विचित्रच. मान्सून २६ मेलाच मुंबईत. मे महिन्यात शेतात पाणी, काळ्या रानाला वाफसा येईना, पेरणी खोळंबलेली. कितीतरी माळकरी पेरणी पोरांवर किंवा भावावर टाकून निघालेले. डीएपी खताचं पोतं तेव्हा १,३५० रुपयांचं, पण मिळायला हवं ना. आणि मिळालं तर सोबत नको असलेलं काहीतरी गळ्यात मारतात, त्याला लिंकिंग म्हणतात. नाशिककडचा माणूस असेल तर २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तो हंगाम काढतो. युरोपला जाणारी द्राक्षं आफ्रिकेला वळसा घालून गेली, दिवस वाढले, भाडं वाढलं. कांदावाल्यासाठी ते वर्ष आणखी वेगळं : ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात निर्यातबंदीच. जागतिक घडामोडी कळायला या माणसांना वर्तमानपत्र लागत नाही. त्या त्यांच्या बांधावर येतात.

पण त्या दिवशी घाटात खरी अडचण इराणची नव्हती, एकादशीची होती. ज्येष्ठ वद्य एकादशीला पुण्याहून निघायचं आणि तीस किलोमीटरच्या वर चालून सासवड गाठायचं. सगळ्या वाटेत हा टप्पा सर्वांत लांब, त्यात उपास. सकाळी साबुदाण्याची खिचडी, मग शेंगदाणे, केळं, आणि वाटेत जो देईल त्याचा चहा. पाणी कमी, मीठ त्याहून कमी. वडकी नाल्यापर्यंत माणूस उत्साहात असतो. चढ सुरू झाला की पोटरीत गोळा येतो, नजर फिरते. उपाय साधा आहे. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात घालायची, पेलाभर पाण्यात नाही (ही चूक दर वर्षी दिसते, घट्ट केलेलं पाणी उलट त्रास देतं), आणि वडकी येण्याआधीच घोट घोट प्यायला सुरुवात करायची. उपासाला ते चालतं. ज्यांना चालत नाही त्यांनी लिंबू, साखर, सैंधव घ्यावं.

पायांचं थोडक्यात सांगतो. नवी चप्पल, नवे बूट अजिबात नाहीत. निदान दोन महिने वापरलेलेच. टाच कुठे गरम लागायला लागली की तिथंच बसून पट्टी लावायची, विसाव्याची वाट पाहायची नाही. फोड आलाच तर वरची कातडी सोलू नका. जुनी माणसं सुईनं दोरा ओवून फोडात ठेवतात. त्याच दोऱ्यावरून चिखल आत जातो आणि तिसऱ्या दिवशी पाय सुजतो. स्वच्छ केलेल्या सुईनं कडेला टोचून पाणी काढावं, गॉज बांधावं. मधुमेह असेल त्यानं स्वतः काहीच करू नये, थेट दवाखान्याच्या गाडीकडे जावं. मांड्या काचतात त्यावर खोबरेल तेल, तेही निघायच्या आधी. काचल्यावर लावलं तर नुसती आग होते.

हरवणं ही वेगळी विद्या आहे. दिंड्यांना क्रमांक असतात, पण रथापुढच्या २७ दिंड्यांचे वेगळे आणि रथामागच्यांचे वेगळे. म्हणजे बारा नंबर दोन. नवा माणूस नंबर तेवढा लक्षात ठेवतो, पुढे की मागे ते विसरतो, आणि संध्याकाळी भलत्याच तंबूत जाऊन बसतो. लाखोंच्या गर्दीत फोन लागेलच असं नाही. म्हणून खिशात चिठ्ठी ठेवायची : रथापुढे की मागे, दिंडीचा क्रमांक, दिंडीप्रमुखाचा नंबर. चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत, नाहीतर निरेच्या स्नानापर्यंत तिचा लगदा होतो.

मुक्कामाचं सामान ट्रकमध्ये पुढे जातं. पाऊस झाला की ट्रक काळ्या मातीत रुततो आणि राहुट्या यायला रात्रीचे नऊ वाजतात. ओल्या मातीत आखूड खुंट्या धरत नाहीत. हात-दीड हात लांबीच्या लोखंडी हव्यात, आणि राहुटीभोवती वीतभर चर, उताराच्या बाजूला तोंड सोडून. तोंड सोडायला विसरलं की चराचं तळं होतं आणि मध्यरात्री घोंगड्या उचलाव्या लागतात.

आपल्या भूमीबद्दल चालताना जो विचार येतो तो घोड्यांकडे बघून येतो. रिंगणात धावणारे माऊलींचे अश्व येतात अंकलीहून, शितोळे सरकारांकडून. अंकली बेळगाव जिल्ह्यात, कर्नाटकात. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. बेळगावावरून बस अडवल्या जातात, पाट्यांना काळं फासलं जातं. घोडे मात्र दर वर्षी अंकलीहून आळंदीला पायी येतात आणि पालखीबरोबर पुढे पंढरपूरला जातात. विठ्ठलाला तर संतांनीच कानडा म्हटलंय. नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. पंढरीला माहेर म्हणणाऱ्यांच्या माहेराला कुंपण कुठे घालणार, असा प्रश्न पडतो. आणि लगेच हेही आठवतं की त्याच माहेराचा दरवाजा दलितांना १९४७ च्या मे महिन्यापर्यंत बंद होता. साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केलं तेव्हा उघडला. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलेलं. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, नामदेव पायरीसमोर आहे. तिथे डोकं टेकताना हा हिशेबही डोक्यात असलेला बरा.

आशा टिकते कशावर, असं कुणी विचारलं तर मी त्याला संध्याकाळच्या समाजआरतीला उभं करतो. पालखी तळावर येते. दिंड्या गोल करून उभ्या राहतात, शेकडो दिंड्या, हजारो टाळ एकदम, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. चोपदार पुढे होतो, चांदीचा दंड वर करतो आणि लांब हेल काढून ‘होऽऽ’ म्हणतो. टाळ थांबतात. सगळे. इतके, की लांबच्या ट्रकचं इंजिन ऐकू येतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र थांबत नाही, आपले टाळ वाजवतच राहते. त्या शांततेत तेवढे दहा-वीस टाळ. चोपदार त्यांच्याकडे चालत जातो आणि विचारतो, माऊली, काय झालं? पाण्याचा टँकर आला नाही, चालण्याच्या क्रमावरून वाद झाला, कुणी दिंडीत घुसलं, असलंच काहीतरी असतं. ऐकून घेतलं जातं, लागलं तर निवाडाही होतो, आणि मग ते टाळ थांबतात. त्यानंतर हरवलं-सापडलंची यादी : कुणाचा चष्मा, कुणाची पिशवी, सासूबाई. शेवटी उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात. मग आरती.

मोठमोठ्या सभांमधून देश उठून जातात, ठराव नाकारले जातात. इथे तक्रार असलेल्याला ओरडावं लागत नाही, फक्त गप्प बसायचं नाकारावं लागतं, आणि बाकीच्यांनी गप्प राहायचं असतं. सगळ्या तक्रारी सुटतात असं नाही. टँकर उद्याही उशिरा येऊ शकतो. तरी तक्रार तोंडावर ऐकून घेतल्याशिवाय आरती होत नाही, आणि त्या एका गोष्टीमुळे रात्री राहुटीत कुरकुर कमी असते. बातम्या बघायच्या असतील तर त्या आरतीनंतर, जेवण झाल्यावर, एकदाच. दिवसभर बघितल्या तर बॅटरीही जाते आणि पायातलं बळही. चार्जिंगला रात्री जनरेटरपाशी रांग असते ती निराळीच.

तिथी हलत नाही, हा दुसरा आधार. पंचांगात क्षय-वृद्धी आली तर मुक्काम वाढतो किंवा कमी होतो, बहुधा लोणंदला, पण एकादशी ती एकादशी. २०२० आणि २०२१ मध्ये पायी वारी नव्हती. पादुका एसटीनं गेल्या, मोजक्या माणसांबरोबर. अडीचशे किलोमीटरची वाट काही तासांत संपली. चुकल्यासारखं वाटलं सगळ्यांनाच. पण पादुका दशमीला पोचल्या.

२४ जून २०२५ ला इराण-इस्राएल युद्धविराम झाला, त्या दिवशी आम्ही सासवडहून जेजुरीला निघालेलो. संध्याकाळी चोपदारानं त्याचं नाव काढलं नाही, काढायचं कारणही नव्हतं. वाल्ह्याला निघायची वेळ सांगितली.

पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत उभं राहणं ज्याला जमत नाही तो कळसाला हात जोडतो आणि परततो. त्याआधी दिंडीत वही निघते. उरलेले तेलाचे डबे मोजतात, फुटलेल्या खुंट्या लिहितात, पुढच्या वर्षीची नावं घेतात. या वेळी नावं घेताना पंचांगही उघडलं होतं. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, आषाढी २५ जुलैला. म्हणजे प्रस्थान जुलैत. पाऊस वेळेवर आला तर पेरणी उरकून निघता येईल.