एंजलची चौथी बॅच: अंडी तीनशे, जागा चाळिसांची

आज माझ्या टाकीतल्या एंजल माशांच्या पिल्लांना आठ आठवडे पूर्ण झाले. ४३ आहेत, सगळी खाती-पिती. नोंदवहीत रोजच्या दोन-तीन ओळी लिहीत होते, त्या जुळवून इथे सविस्तर मांडते आहे. एंजलची जोडी लागली की पुढे काय करायचं, हे विचारणारे बरेच जण भेटतात, त्यांना उपयोग होईल.

मागचं थोडक्यात. सहा लहान एंजल एकत्र वाढवले होते. दहाव्या महिन्यात दोघांनी टाकीचा एक कोपरा धरला आणि बाकीच्यांना हुसकायला सुरुवात केली. त्या दोघांना ११० लिटरच्या वेगळ्या टाकीत हलवलं. तापमान २७, पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली याचं माप) ७.६, तिरकी उभी केलेली स्लेटची फरशी आणि स्पंज फिल्टर, एवढंच. नर-मादी मी अंडी घालण्याच्या वेळीच ओळखते. तेव्हा पोटाखाली नळी दिसते, नराची बारीक टोकदार, मादीची जाड आणि बोथट. त्याआधी कपाळाच्या उंचवट्यावरून केलेले अंदाज माझे तरी चुकलेच आहेत. दोन माद्यासुद्धा जोडी करतात, फरशी साफ करतात, अंडी घालतात. मग तिसऱ्या दिवशी सगळी अंडी पांढरी, म्हणजे न फळलेली.

पहिल्या तीन बॅच आई-बापांनी खाऊन टाकल्या. नवी जोडी बरेचदा असं करते, मी हात घातला नाही. त्या दीड महिन्यात मात्र एक काम केलं. मत्स्यपालन करणाऱ्या ओळखीच्या पाच जणांना विचारलं, की प्रत्येकी सहा एंजल घ्याल का, आणि मोठे झाल्यावर त्यांना पुरेल अशी उंच टाकी आहे का. मोठा एंजल पंखांसकट १५ सेंटिमीटरच्या वर उंच होतो आणि नीट ठेवला तर दहा वर्षं जगतो. पाचही जण हो म्हणाले. तीस झाले. माझ्या २०० लिटरच्या टाकीत आणखी दहा वाढू शकतील. म्हणजे चाळीस. आकडा अंडी पडायच्या आधी ठरला पाहिजे, या मताला मी आता चिकटून आहे. पिल्लं पोहायला लागली की एकही कमी करवत नाही, आणि मग दोनशे पिल्लं चाळिसांच्या पाण्यात वाढतात.

चौथ्या वेळी फरशीवर साधारण तीनशे अंडी होती. त्याच संध्याकाळी फरशीचा वरचा भाग जुन्या कार्डाच्या कडेने खरवडून काढला आणि शंभराच्या आसपास अंडी ठेवली. हे लिहिल्यावर काहींना वाईट वाटेल, मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. पण काही तासांचं अंडं काढणं आणि महिन्याभराच्या पिल्लाला जागा नाही म्हणणं, यात मला पहिलंच बरोबर वाटतं.

यावेळी मिथिलीन ब्लू (अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून पाण्यात टाकायचं निळं औषध) वापरलं नाही, अंडी आई-बापांकडेच ठेवली. दोघं पाळीपाळीने छातीच्या पंखांनी अंड्यांवर पाणी खेळवत होते. पांढरं पडलेलं अंडं मादी अलगद उचलून खायची, त्यामुळे शेजारच्या अंड्यांना बुरशी लागली नाही. साठ तासांनी शेपट्या हलायला लागल्या. भिंग लावून पाहिलं तर प्रत्येक पिल्लू डोक्यावरच्या चिकट धाग्याने फरशीला लटकलेलं आणि खाली पिवळ्या बलकाची पिशवी. एक पिल्लू सुटून गिरक्या घेत खाली निघालं. बापाने ते तळाला टेकायच्या आत तोंडात घेतलं, दोन-तीन वेळा चघळल्यासारखं केलं आणि फरशीवर पुन्हा थुंकून चिकटवलं. मग दुसरं. रात्री दिवा मालवेपर्यंत हेच चाललं होतं आणि मी तिथून उठले नाही. अंडी काढून कृत्रिमरीत्या वाढवणाऱ्यांनी एकदा तरी हे बघावं.

आठव्या दिवशी पिल्लं पोहायला लागली. हवेच्या बारीक नळीने ६२ पिल्लं ४० लिटरच्या टाकीत घेतली. पाणी जुन्या टाकीतलंच, स्पंज दोन महिने चाललेला. उरलेली थोडी आई-बापांकडे राहिली, ती आठवड्यात संपली.

खाणं म्हणजे आर्टेमिया, खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे अगदी बारीक जीव, सुक्या अंड्यांतून घरीच काढायचे. लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, २८ अंश, खालून हवा, आणि २४ ते ३० तासांत नारिंगी ढग तयार. हवा बंद करून खालच्या बाजूला उजेड धरला की जिवंत आर्टेमिया तिकडे गोळा होतात, टरफलं वर तरंगतात. टरफलं पिल्लांच्या पोटात जाता कामा नयेत, आतड्यात अडकतात. गोड्या पाण्यात धुऊन दिवसातून चार वेळा. पाच मिनिटांत पोटं नारिंगी दिसली की बास.

हे ‘बास’ मी पाळलं नाही. बाराव्या दिवशी रात्री उशिरा एक जादा वेळ खायला घातलं, पिल्लं भुकेली वाटली म्हणून. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासच जगतात. सकाळी तळाशी फिकट गुलाबी थर होता आणि १४ पिल्लं मेलेली. मेलेल्या आर्टेमियाच्या कुजण्यातून पाण्यात उतरलेला विषारी अमोनिया लिटरला ०.५ मिलिग्रॅम. पीएच ७.६ ऐवजी ६.६ असता तर कदाचित निभावलं असतं. पीएच एकने वाढला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो, आणि पाणी जितकं गरम तितका आणखी. त्या चौदा पिल्लांची जबाबदारी माझी आहे. त्या दिवसापासून प्रत्येक खाण्यानंतर तासाभराने तळ ओढून काढते आणि सकाळ-संध्याकाळ तीस टक्के पाणी बदलते, त्याच तापमानाचं, क्लोरीन काढलेलं. नंतर अमोनिया शून्यावरच राहिला.

चौथ्या आठवड्यात पिल्लांना एंजलचा आकार आला आणि ती २०० लिटरमध्ये गेली. मधल्या काळात चार गेली, कारण कळलं नाही.

सहाव्या आठवड्यात प्रत्येक पिल्लू काचेच्या लहान डब्यात घेऊन तपासलं. दोघांच्या कल्ल्यांची झाकणं बाहेर वळलेली आहेत. ती छान खातात-पोहतात, म्हणून माझ्याकडेच राहतील, पण त्यांची पुढे पैदास नाही. एकाला सरळ पोहताच येत नव्हतं. पोटावर गोल फिरत राहायचं, दिवसेंदिवस हडकत चाललं होतं. त्याला लवंग तेलाच्या पाण्यात झोपवलं. आधी भूल चढते, मग श्वास थांबतो. कल्ले थांबल्यावरही मी बराच वेळ तसंच ठेवलं.

पिल्लं घेणाऱ्यांना एक गोष्ट लिहून देते आहे: ही सगळी सख्खी भावंडं आहेत. माझे मूळचे सहा एंजल एकाच टाकीतून आले होते, त्यामुळे यांचे आई-बापही बहुधा भावंडंच. यांच्यातल्या यांच्यात जोड्या लावू नका, बाहेरचा नर किंवा मादी आणा.

एकाने सुचवलं, की जास्त झाले तर तळ्यात सोडून दे. तसं कधीच करायचं नाही. टाकीत मावेनासे झालेले, काचेवरचं शेवाळ खाणारे सकर मासे लोकांनी सोडले आणि आज कितीतरी देशांत नद्या-तलावांचे काठ त्यांच्या बिळांनी ढासळताहेत. सोबत आपल्या टाकीतले रोगही बाहेर जातात.

चाळीसच्या वर तीन झालेत, तेवढी जागा माझ्याकडे आहे. पुढच्या आठवड्यात पहिली सहा जातील, त्यांची नवी टाकी महिनाभर चालवून अमोनिया आणि त्यापासून बनणारं, तेही विषारी नायट्राइट शून्य झालेत की नाही ते मी स्वतः तपासलं आहे.

जोडीच्या टाकीतली फरशी काढून टाकली होती. तरी काल दुपारी मादीने फिल्टरच्या उभ्या नळीवर अंडी घातली. तासाभरात फडक्याने पुसून घेतली. दोघं संध्याकाळपर्यंत त्या नळीभोवती फिरत होते.