यात काय ठेवणार?

१४ मे, रात्री

कागदाच्या लगद्याची टोपली आज सुटली. चौथं ऊन. अकराच्या सुमारास गच्चीत जाऊन पालथ्या पातेल्यावरून हलकेच फिरवली, तर आतल्या मलमलीच्या फडक्यासकट अलगद हातात आली. कडेला एक चीर नाही. यंदाच्या पाचांत ही सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत देखणी. लगेच मीनूला व्हिडिओ कॉल करून दाखवली. ती म्हणाली, "किती सुंदर झालीय गं! पण आई, यात काय ठेवणार?"

एवढंच. तिची मीटिंग होती, फोन ठेवला. आणि मी दिवसभर ते एक वाक्य घेऊन बसले आहे.

मार्चपासून घरातला पसारा आवरतेय. काहीही नवं विकत आणायचं नाही, जे आहे त्यातूनच ठेवणीची सोय करायची, असं ठरवलं होतं. तेलाचे पंधरा किलोचे दोन डबे पत्रेवाल्याकडे नेले, वरचा पत्रा कापून धार आत वळवून घेतली आणि बिजागरीची झाकणं बसवली. आता त्यांत गहू आणि तांदूळ आहेत. पार्सलच्या खोक्यांना फाटकी सतरंजी चिकटवली, त्यांत औषधं आणि बिलं गेली. ह्यांच्या पँटींचे पाय कापून, खाली गोल तळ शिवून, वरची कड दोनदा दुमडली की कपड्याचा डबा उभा राहतो. छत्र्या त्यात छान राहतात. त्या पँटींना कात्री लावली तो दिवस... त्याबद्दल आज नको.

लगदा मात्र माईंच्या, माझ्या सासूबाईंच्या, पद्धतीनंच केला. रद्दीचे हातानं बारीक तुकडे करायचे, तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं. गुळगुळीत पुरवण्या वेगळ्या काढायच्या, त्यांचा लगदा धरत नाही. किलोभर कागदाला पाव किलो मेथी. ती रात्रभर भिजली की इतकी बुळबुळीत होते की वेगळा डिंक लागत नाही, आणि कडूपणामुळे किडा-मुंगीही लांब राहते. माई दोन्ही उखळात कुटायच्या, मी मिक्सरवर भागवते. मग मूठभर मुलतानी माती घालून पोळीच्या कणकेसारखं मळायचं आणि पातेल्यावर थापत जायचं. कडेला जाड ठेवायचं, कारण वाळताना ती आवळते आणि तिथंच तडकते. वरून जुन्या सुती साडीचे तुकडे खळीनं चिकटवायचे. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात, पण माईंनी खाण्याच्या टोपलीला तो कधी लागू दिला नाही. "ते विष आहे," एवढंच म्हणायच्या आणि वाटी दूर सरकवायच्या.

आमचं जळगावचं ऊन या कामाला उत्तम. पण काम झाल्यावर पुढे काय?

दुपारी खरंच बघत फिरले, काय ठेवता येईल ते. कांदे नको, ओल धरली की लगदा मऊ पडतो. गोधड्या मावत नाहीत. रद्दी ठेवावी म्हटलं, तर रद्दीच उरली नाही. जी होती तिचीच तर टोपली झाली. माईंच्या वेळी अकरा माणसांचं घर. कुरडयांची टोपली वेगळी, शेवयांची वेगळी, पापडांची वेगळी, डाळींच्या तर चार. सगळ्या शिगोशीग, एक उतरवली की दुसरी चढायची. मी यंदा कुरडया केल्या त्या एका स्टीलच्या डब्यात मावल्या, आणि त्यातल्याही निम्म्या मीनूला पाठवायच्या म्हणून वेगळ्या बांधल्यात. वन्स हल्ली येत नाहीत. पसारा आवरता आवरता घरात ठेवण्यासारखंच काही उरलं नाही, आणि ते मला टोपली पूर्ण होईपर्यंत कळलंसुद्धा नाही. चहा ठेवला होता, तो उकळून उकळून आटला. मग थोडं रडून घेतलं.

संध्याकाळी ती माळ्यावर चढवायला गेले आणि तिथंच थांबले. १९९० साल, दिवाळीची साफसफाई. मी नवीच होते. याच माळ्यावर एक मोठी टोपली सापडली होती, तोंडाला फडकं बांधलेली. उत्साहानं सोडून बघितलं तर आत काही नाही. मी म्हटलं, "माई, ही रिकामीच आहे, कुणाला देऊन टाकू?" त्या खालून म्हणाल्या, "असू दे. लागेल." बाकी काही नाही. मला दिवस गेलेत हे तेव्हा माझं मलाही नक्की ठाऊक नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात त्याच टोपलीत मीनूची दुपटी, झबली, टोपरी, सगळं घडी करून ठेवलेलं असायचं. कडुनिंबाचा वाळका पाला माई स्वतः पसरायच्या तळाशी.

हे मीनूला सांगावंसं वाटतंय आणि सांगता येत नाही. तिला वाटेल मी काही सुचवतेय. मागच्या दिवाळीला एकदा झालं तेवढं पुरे. आणि मला खरंच तसं काही सुचवायचं नाही. माईंनीही काही मनात धरून ती ठेवली असेल असं वाटत नाही. घरात एक टोपली रिकामी असावी, इतकंच असेल त्यांचं. आज पहिल्यांदाच मला ते चुकीचं वाटलं नाही. दिवसभर जे टोचत होतं, ते संध्याकाळनंतर तेवढं टोचत नाहीये.

जेवणानंतर मीनूचा मेसेज आला, "मग, ठरलं का काय ठेवायचं ते?" बराच वेळ फोन हातात धरून बसले. मग लिहिलं, "नाही अजून. लागेल." तिनं एक हसरा चेहरा पाठवला.

माळ्यावर चढवायच्या आधी आत हात घालून बघितला. तळ अजून गार लागतोय. उद्या पालथी घालून आणखी एक ऊन द्यायला हवं, आणि फडक्यासाठी जुनं काहीतरी शोधायला हवं. ती हिरवी चौकड्यांची साडी चालेल.