तुम्ही विचारलंत म्हणून: ट्यूनर काचेवर लावू की डॅशबोर्डवर?

ट्यूनर म्हणजे ओबीडी सॉकेटला (स्टिअरिंगखालच्या, गाडी तपासायच्या सॉकेटला) जोडायचं, ईसीयूत (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये) नवा मॅप, म्हणजे इंजिनच्या सेटिंगचा तक्ता, लिहिणारं आणि गाडी चालताना कूलंटचं तापमान, बूस्ट (टर्बोचा दाब), नॉक (सिलिंडरमधलं अवेळी जळण) असे आकडे दाखवणारं यंत्र. ते हातात आलं की पुढचा प्रश्न हमखास येतो: आता हे लावायचं कुठे?

मॅप लिहिण्यापुरतंच हवं असेल तर लावूच नका. काम झालं की वायर काढा आणि यंत्र घरात ठेवा. रोज आकडे बघणार असाल तरच पुढचा खटाटोप.

समोरची काच मी सरळ बाद करतो. उन्हात बंद गाडीत डॅशबोर्डचा वरचा भाग ७० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. सक्शन कप मऊ पडून सुटतो आणि स्क्रीन बरोबर वळणावर पायाशी येऊन पडते. शिवाय समोरचं दिसायचं झाकतं, ते बऱ्याच ठिकाणी कायद्यालाही चालत नाही. एसीच्या जाळीवरचा क्लिप सोपा वाटतो, पण त्या पट्ट्या वजन पेलायला केलेल्याच नसतात आणि हीटर चालू केला की गरम हवा थेट यंत्राच्या पाठीवर.

मग एअरबॅग. काचेशेजारच्या खांबाच्या ट्रिमवर एअरबॅगची खूण कोरलेली असेल तर आत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग आहे. तिथे पॉड (स्क्रीन बसवायची डबी) बसवायचा नाही आणि तिच्यासमोरून वायरही न्यायची नाही. ती सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याच्या आत उघडते. वाटेत जे असेल ते तुमच्या डोक्याच्या दिशेने येतं. प्रवाशाच्या बाजूचा डॅशबोर्डचा माथाही याच कारणाने वर्ज्य. काही गाड्यांत स्टिअरिंगखाली गुडघ्याची एअरबॅग असते, तीही बघून घ्या. पिवळ्या टेपचा किंवा पिवळ्या कनेक्टरचा हार्नेस (वायरींचा जुडगा) दिसला तर तो एअरबॅगचा समजा. त्याला झिप टायसुद्धा बांधू नका.

उरते ती जागा बहुतेक गाड्यांत एकच: डॅशबोर्डचा ड्रायव्हरच्या दाराकडचा कोपरा, खांबाच्या पायथ्याशी. सीटवर नेहमीसारखं बसून बघा, स्क्रीनची वरची कड बॉनेटच्या रेषेच्या खाली राहिली पाहिजे. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे आकडा शोधण्यात दोन सेकंद गेले की ४४ मीटर न बघता. म्हणून स्क्रीनवर तीन-चारच आकडे मोठ्या अक्षरात ठेवा आणि बाकीच्यांना अलार्म लावा. पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर पक्कं करायच्या आधी तो घालून बघा. काही स्क्रीन ठरावीक कोनात पार काळ्या दिसतात. रात्रीही एकदा बसून बघा, बाजूच्या काचेत स्क्रीनचं प्रतिबिंब नेमकं आरशावर पडतं.

माउंट, म्हणजे स्क्रीन धरणारा स्टँड, १७ मिलीमीटर किंवा एक इंच गोळ्याचा घ्या आणि दांडी आखूड. दांडी जितकी लांब तितकी थरथर. स्क्रूने बसवायचा असेल तर ट्रिम काढून मागे वायरिंग, हवेचा डक्ट काय आहे ते बघितल्याशिवाय ड्रिल लावू नका. बहुतेकांना फोमवाली व्हीएचबी टेप (दोन्ही बाजूंनी घट्ट चिकटणारी) पुरते, पण ती चिकटत नाही अशी तक्रार घेऊन निम्मे लोक येतात. दोष सहसा टेपचा नसतो, डॅशबोर्डवर मारलेल्या सिलिकॉन पॉलिशचा असतो. आधी साबणाच्या पाण्याने पुसा, वाळू द्या, मग निम्मं पाणी आणि निम्मं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, फडकं दर वेळी बदलून. पॉलीप्रॉपिलीनसारख्या मेणचट प्लास्टिकवर टेपच्या कंपनीचाच प्रायमर (टेपच्या आधी लावायचा द्रव) लागतो. पृष्ठभाग साधारण २० ते ३५ अंशांत असताना चिकटवा आणि दाबून धरा. टेपला निम्मी ताकद वीस मिनिटांत येते, पूर्ण यायला ७२ तास लागतात. तेवढे दिवस नुसती प्लेट राहू द्या, यंत्र चढवायची घाई नको.

आता वायर. खरं काम इथे आहे. सोबत येणारी केबल सॉकेटमधून सरळ खाली लोंबते, पेडलच्या वर. क्लचच्या किंवा ब्रेकच्या मागे तिचा फास पडला तर काय होईल ते सांगायला नको. चपट्या काटकोनी प्लगची एक्स्टेन्शन घ्या, म्हणजे गुडघा लागून सॉकेट तुटत नाही. वायर सॉकेटपासून खालच्या पॅनेलच्या आतून दाराकडे न्या, तिथून डॅशबोर्डच्या बाजूचं झाकण काढून वर, आणि डॅशबोर्ड व खांब यांच्यामधल्या फटीतून बाहेर. दर १५ सेंटीमीटरला गाडीच्या ठरलेल्या हार्नेसला बांधा. स्टिअरिंगच्या दांड्याला, पेडलच्या ब्रॅकेटला किंवा हलणाऱ्या कशालाही नाही. जिथे वायर प्लास्टिकला टेकते तिथे कापडी हार्नेस टेप गुंडाळा, नाहीतर खडबडीत रस्त्यावर खुळखुळ सुरू होते आणि ती शोधायला सगळं पुन्हा उघडावं लागतं. जास्तीची वायर गुंडाळी करून सॉकेटजवळच बांधा, स्क्रीनकडे नको. झालं की स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, उंची बदलून पुन्हा फिरवा, तिन्ही पेडल तळापर्यंत दाबा आणि इग्निशन ऑन करून एअरबॅगचा दिवा नेहमीसारखा विझतो का ते बघा.

ओबीडी सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या पिनला बॅटरी कायम जोडलेली असते. चावी काढली तरी वीज चालूच. चांगलं यंत्र आपोआप झोपतं, पण सगळी झोपत नाहीत. १०० मिलीअँपिअर खाणारं यंत्र दिवसाला २.४ अँपिअर-तास घेतं, म्हणजे ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून दहा दिवसांत निम्म्याहून जास्त. गाडी बंद करून, बॉनेट उघडं ठेवून, दारं लॉक करून अर्ध्या तासाने मल्टीमीटर बॅटरीच्या निगेटिव्हशी मालिकेत लावा. एकूण प्रवाह ५० मिलीअँपिअरच्या आत असावा. मीटर लावून इग्निशन ऑन करू नका, मीटरचा फ्यूज उडेल. प्रवाह जास्त निघाला तर यंत्राची वीज इग्निशनच्या फ्यूजवरून घ्या. त्यासाठीचा फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा जोड) आपल्या फ्यूजच्या मापाचाच हवा, त्यात २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज, आणि एअरबॅग, एबीएस किंवा ईसीयूच्या फ्यूजला हात लावायचा नाही. टॅप उलटा बसला तर दोन्हींचा भार जुन्या फ्यूजवर येतो, म्हणून विजेचा पाय कोणता ते टेस्ट लॅम्पने आधी बघा.

यंत्राला बाहेरचे सेन्सर जोडणार असाल तर वायरी फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) ग्रॉमेटमधूनच, म्हणजे भोकातल्या रबरी कड्यातूनच आत आणा, पत्र्याच्या उघड्या कडेवरून कधीच नाही. वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) आडव्यापेक्षा किमान १० अंश वर कललेला, टोक खाली. नाहीतर पाइपात साठलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर येऊन ते तडकतं. एक्झॉस्टच्या तापमानाचा के-टाइप प्रोब (दोन वेगळ्या धातूंच्या वायरींनी तापमान मोजणारा) असेल तर त्याची वायर साध्या तांब्याच्या वायरीने वाढवू नका. जोड इंजिनपाशी ८० अंशांवर आणि मीटर आत ३० वर असेल तर आकडा साधारण ५० अंशांनी कमी दिसतो, म्हणजे खोटा दिलासा. वाढवायची वायर के-टाइपचीच लागते.

एका सॉकेटवर दोन यंत्रं, हा लोकांचा आवडता जुगाड. वाय केबल (एका प्लगचे दोन करणारी) लावून ट्यूनर आणि ट्रॅकर (गाडी कुठे आहे ते कळवणारं यंत्र) एकदम चालवले की दोघंही एकाच ईसीयूला प्रश्न विचारतात, उत्तरं एकमेकांत मिसळतात, आकडे गोठतात किंवा उड्या मारतात. बघण्यापुरतं ते एक वेळ चालून जाईल, मॅप लिहिताना मात्र दुसरं काहीही लावलेलं नको.

आणि मॅप लिहिताना यंत्र लांब एक्स्टेन्शनवरही नको, स्वतःच्या केबलने थेट सॉकेटला लावा. बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा चार्जर जोडा, दिवे आणि पंखा बंद, इग्निशन ऑन पण इंजिन बंद. मधे दार उघडू नका, त्याने झोपलेली मॉड्यूल (गाडीतले बाकीचे छोटे कॉम्प्युटर) जागी होतात. व्होल्टेज घसरलं किंवा प्लग हलला तर ईसीयू अर्धवट लिहिलेला राहतो आणि गाडी सुरूच होत नाही. सर्व्हिसला द्यायच्या आधी मूळ मॅप परत टाका: वर्कशॉपने सॉफ्टवेअर अपडेट केलं तर तुमचा मॅप पुसला जातो, आणि बरीच यंत्रं एका गाडीशी बांधलेली असल्याने मूळ मॅप परत न टाकता सुटत नाहीत.