भुरी गेटच्या बाहेर पाय टाकत नव्हती

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भुरी या कुत्रीला घरी आणलं. वय साधारण चार-पाच वर्षं, दातांवरून डॉक्टरांनी सांगितलं. आधी ती एका गोडाऊनला साखळीनं बांधलेली असायची, दिवसरात्र, मालक गोडाऊन सोडून गेला आणि ही तिथंच राहिली. गळ्याभोवतीचे केस गेलेले होते, साखळीचा घट्टाच पडला होता. ते बघूनच मी घरी म्हणलं की आपण घेऊन येऊ, आणि कोणी नाही म्हणलं नाही, आत्याबाईसुद्धा नाही, ज्यांना कुत्र्याची लै भीती.

दुसऱ्याच दिवशी नवीन पट्टा आणि दोरी आणली आणि फिरायला काढलं. गेटपर्यंत आली आणि तिथं पोट टेकवून बसली. शेपटी पोटाखाली, कान मागं, सारखी जीभ ओठावरून फिरवायली. मी थोडं ओढलं तर तिनं मागं जोर लावला, मी अजून ओढलं तर तिनं मान खाली घालून असा झटका दिला की पट्टा डोक्यावरून निघून आला. गेट बंद होतं म्हणून वाचलो. उघडं असतं तर ती वसमत रोडपर्यंत पळाली असती, आणि तिथं ट्रक थांबत नाहीत. तो क्षण आठवला की अजून पोटात गोळा येतो.

मग गल्लीतले सल्ले सुरू झाले. उपाशी ठेवा, आपोआप येती. गावरान कुत्रं आहे त्याला फिरवायचं कशाला, सोडून द्या. फरफटत न्या, दोन दिवसात सरळ होती. सांगणाऱ्यांचं मन वाईट नव्हतं पण यातलं काहीही करू नका, खरंच सांगते, घाबरलेल्या जनावराला उपाशी ठेवून धीर येत नसतो.

सगळ्यात वाईट होतं लघवीचं. घरात करायची नाही, बाहेर जायची नाही, पहिल्या दिवशी जवळजवळ वीस तास धरून बसली. शेवटी गच्चीवर नेलं, तिथं एका कोपऱ्यात जुनं पोतं टाकलं आणि तिथं केलं तिनं. मी तेव्हाच ठरवलं की चालायला शिकेपर्यंत गच्ची तिची, रोज धुवावी लागली तरी चालेल, कारण पोट मोकळं व्हायला बाहेर जाणं भागच आहे असं झालं की मग आपणच घाई करतो आणि ओढायला लागतो.

त्याच आठवड्यात परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं, ऑटोत मांडीवर बसवून. कुत्रं चालत नसलं तर आधी दुखतंय का ते बघा. पंजे, सांधे तपासले, गोचीड तापासाठी रक्त तपासलं कारण त्या तापातही सांधे धरतात आणि कुत्रं जागचं हलत नाही. रिपोर्ट चांगला आला पण नखं एवढी वाढली होती, कधी चाललीच नव्हती ना, एक अंगठ्याचं नख तर वळून कातडीला टेकलं होतं. ते कापलं. मी किती दिवस तिला हट्टी समजत होते आणि तिला ते नख टोचत होतं, याचं मला लै वाईट वाटलं.

संक्रांतीला मामा, म्हणजे माझे सासरे, मानवतकडच्या गावाहून आले. सगळी हयात बैलांत गेली त्यांची. मी अंगणात दोरी धरून उभी, भुरी बसलेली. म्हणले, "कामून ओढायलीस तिला? ओढलं की जनावर मागंच रेटतं. गोऱ्ह्याला पहिल्या दिवशी कोणी गाडीला जुंपतं का?" मग सांगत बसले, आधी नुसतं दावं गळ्यात ठेवून अंगणात हिंडू द्यायचं, मग शिकलेल्या बैलाच्या जोडीला लावायचं, मग हलका ओंडका ओढायला, आणि गाडी सगळ्यात शेवटी. "दावं ढिलं सोड बाई, तिला कळू दे की हे बांधायला नाही."

मी त्या रात्री सगळं पहिल्यापासून सुरू केलं. गळ्यातला पट्टा काढला आणि छातीवरून जाणारा हार्नेस मागवला. तो तीन दिवस नुसता तिच्या ताटाजवळ पडून होता, त्याच्यावर उकडलेल्या कलेजीचे तुकडे ठेवायचे. मग दोन मिनिटं घालून काढला, मग पाच. मग दोरी लावून घरातच मागं फरफटू दिली, माझ्या डोळ्यासमोर, कुठं अडकू नये म्हणून. तेव्हा लक्षात आलं की दोरीच्या हुकाचा खळखळ आवाज झाला की ती जागीच थिजते. साखळीचा आवाज! हुकाला कापडी टेप गुंडाळली आणि त्या एका गोष्टीनं जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानंच नाही पडला.

अंगणात मी दोरीचं टोक धरायचे आणि ती जाईल तिकडं मीच जायचे. दोरी ताणली की थांबायचं, तिच्या समोर नाही उभं राहायचं, बाजूला वळून खाली बसायचं, आणि तिनं एक पाऊल टाकलं की लगेच शाब्बास आणि कलेजी. मग उघड्या गेटात नुसतं बसणं, पहाटे साडेपाचला, रहदारी नसताना, दहा मिनिटं. असं पंधरा-वीस दिवस.

आमच्या गल्लीत एक म्हातारी कुत्री आहे, कानाला खाच, म्हणजे नसबंदी झालेली, एकदम शांत. ती रोज पहाटे गेटापाशी येऊन भुरीचा वास घ्यायची आणि निघून जायची. फेब्रुवारीत एक दिवस ती निघाली आणि भुरी तिच्या मागं उठून बाहेर पडली. विजेच्या खांबापर्यंत अकरा पावलं, मी मोजली. मी मामांना सकाळी सहालाच फोन केला, ते म्हणले, "जोडीला बैल भेटला की तिला."

नंतर सगळं सरळ झालं असं नाही. मार्चमध्ये लग्नाची वरात गेली गल्लीतून, डीजे आणि फटाके, की आठ दिवस परत गेटाच्या आत. कुत्रं दत्तक घेणारे तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ हिशोब सांगतात, घाबरायला, रुळायला आणि घर आपलं वाटायला. भुरीला जास्त लागले, लागू द्या.

आता एप्रिल, पारा चाळीसच्या वर, त्यामुळं सूर्य उगवायच्या आत आणि रात्री आठनंतरच निघतो. तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवून बघते, मला सोसलं नाही तर तिलाही नाही. कोपऱ्यावरच्या कडुलिंबापर्यंत जातो आणि लघवीसुद्धा आता तिथंच करती.

घंटागाडीचं तेवढं राहिलंय. भोंग्यावरचं गाणं लांबून ऐकू आलं तरी बसून घेती. मोबाईलवर ते गाणं रेकॉर्ड करून ठेवलंय आणि तिच्या जेवणाच्या वेळी अगदी बारीक आवाजात लावते, ती खात राहिली तर दुसऱ्या दिवशी एक रेघ वाढवायची, खायची थांबली तर दोन रेघा कमी. काल चौथ्या रेघेवर होतो, तिनं एकदा कान टवकारले आणि परत भाकरीत तोंड घातलं.