एवढ्याशा पोरांना आगीचं कशाला शिकवता?

बालवाडीतल्या पोरांना आगीचं कशाला शिकवता, घाबरतात ना ती? पालकसभेत विचारतात, लग्नकार्यात विचारतात. दर वेळी मी हसून वेळ मारून नेते. आज नीट सांगते.

हो, घाबरतात काही. एक मुलगी सरावानंतर कितीतरी दिवस आईला गॅस पेटवू देईना. त्या माउलीचा राग मला समजतो. एक पालक म्हणाले, तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत १६ जुलै २००४ ला आगीत ९४ मुलं गेली, ती गवती छपरामुळे आणि अरुंद जिन्यामुळे. मोठ्यांच्या पापाचं ओझं मुलांवर कशाला? खरंच आहे. मुलांना शिकवलं म्हणून मोठे सुटत नाहीत.

पण आमच्या चाळीतली ती संध्याकाळ विचारणाऱ्यांपैकी कुणी पाहिलेली नाही.

टोकाच्या खोलीत गाद्यांच्या ढिगानं पेट घेतला. आई खाली नळावर होती. बघता बघता गॅलरी धुरानं भरली, सगळे जिना उतरले, आणि धाकटा दिसेना. चार वर्षांचा, माझ्याच वर्गातला. आई खालून जीव तोडून हाका मारत होती. आतून ओ नाही. दार सताड उघडं, चार पावलं टाकली असती तर बाहेर आला असता. म्हणून सगळ्यांची समजूत झाली की पोर कुठेतरी बाहेर खेळत असणार. आत असतं तर ओरडलं नसतं का? बंब आला. जवान आत गेला. पोर कॉटखाली, ट्रंकेच्या मागे होतं. मास्क लावलेलं ते तोंड बघून ते आणखी भिंतीकडे सरकलं. शेवटी पाय धरून ओढावं लागलं.

वाचला तो. इस्पितळात भेटायला गेले तेव्हा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, काडी मी ओढली होती. आई मारेल ना."

आईची प्रत्येक हाक त्यानं ऐकली होती.

तेव्हापासून मी शिकवते ते एवढंच. काडेपेटी, लायटर दिसला तर हात लावायचा नाही, मोठ्यांना सांगायचं. धूर वर साठतो, म्हणून खाली वाकून, रांगत बाहेर पडायचं. कपड्यांनी पेट घेतला तर पळायचं नाही. थांबायचं, तोंड झाकून जमिनीवर लोळायचं. भाजलं तर नळाच्या गार पाण्याखाली धरायचं, टूथपेस्ट नको. आणि कॉटखाली, कपाटात, मोरीत कधीही लपायचं नाही; हाक आली की ओ द्यायची. आग म्हणजे राक्षस, असं मी सांगत नाही. ज्या घरात समई लागते, वाढदिवसाला औक्षण होतं, तिथलं पोर ते ऐकेल कशाला?

एप्रिलमधल्या अग्निशमन सप्ताहात शाळाशाळांतून शिडी आणि पाण्याचा फवारा दाखवतात. मुलं टाळ्या वाजवतात. मी जवानांना विनवते, आधी तुमचा चेहरा दाखवा, मग मुलांसमोर सावकाश मास्क चढवा, त्यातून श्वासाचा आवाज ऐकवा. हे येतंय ते आपलं माणूस आहे, हे त्यांना कळू दे.

सगळ्यात अवघड गोष्ट पुढे आहे. वर्गात मी म्हणते, "चूक तुझी असली तरी बाहेर ये, कुणी मारणार नाही." हा शब्द मी कुणाच्या जिवावर देते? घरी कपबशी फुटली तरी धपाटा बसतो.

पूर्वीची मी इथे वाद घालते. ती म्हणते, धाक हवाच. धाकामुळे ज्यांनी काडेपेटीला कधी हातच लावला नाही, ती मुलं तुला दिसणार कशी? याला माझ्याकडे उत्तर नाही. तो मुलगा मला दिसला, ती मुलं दिसली नाहीत.

तरी मी शिकवणारच. तुमच्याकडून एवढंच हवंय: आज रात्री पोराला जवळ घेऊन तो शब्द तुम्ही द्या. माझ्या तोंडून त्याला पुरेसं वजन येत नाही.